सोयऱ्याचा पूल

आमच्या गावच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा आहे. त्याला वार्ताफलक म्हणतात. बेलापूरहून येणारी एसटी बरोबर त्याच्यासमोर थांबते, त्यामुळे गाडीची वाट पाहणारा माणूस, इच्छा असो वा नसो, तो फळा वाचतोच. रोज सकाळी सात वाजता गावातलं एक मूल वाचनालयात बसून पेपर वाचतं आणि त्यातल्या चार बातम्या फळ्यावर लिहितं. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, पण फळ्याकडे लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडेच राहिलं. लक्ष ठेवायचं म्हणजे ऱ्हस्वदीर्घ तपासायचं, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी त्यालाच एक प्रश्न विचारायचा.

फळ्याचा खडू वर्षभर एकाच मुलाकडे असतो. यंदा तो निकिताकडे होता. निकिता सातवीत. तिच्या वडिलांचं नाव श्रीमंत, ते कांदा पिकवतात. मुलीचं अक्षर असं की त्यावरून बोट फिरवावंसं वाटावं. पण खडू मिळण्यासाठी तिला दोन वर्षं आधी खडू असलेल्या रेश्माच्या मागे डस्टर धरून उभं राहावं लागलं. रेश्मा दहावीत गेली तेव्हा कुठे खडू हिच्या हाती आला. तेव्हापासून तिच्या कंपासपेटीत कर्कटकाला जागा नाही. तिथे कापसाच्या गादीवर खडू झोपलेला असतो.

ही गोष्ट जानेवारीतली. सुरुवात जयाने केली. जया ही निकिताची चुलत बहीण, तिसरीत आहे. त्या सकाळी ती वाचनालयातल्या जगाच्या नकाशासमोर पाव तास उभी होती.

“बाई, मित्रदेश कुठं हाय?”

“कुठे कुठे पाहिलंस?”

“म मदी बघितलं. मलेशिया हाय, मेक्सिको हाय, म्यानमार हाय. मित्रदेश न्हाई. पेपरात तर रोज असतो.”

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवसांत एका लांबच्या देशाशी आपल्या सरकारची घट्ट मैत्री जमली होती. करार झाले होते, फोटो निघाले होते, आणि आमच्या वाचनालयात येणाऱ्या तिन्ही पेपरांनी त्या देशाचं नाव घ्यायचं जवळजवळ सोडून दिलं होतं. मित्रदेशाने यान सोडलं, मित्रदेशाच्या गायी जास्त दूध देतात, मित्रदेशाच्या पंतप्रधानांना आपला आंबा आवडला. दुसरा एक देश होता, त्याच्याशी आपल्या सरकारचं मुळीच पटत नव्हतं. पेपर त्याला कधी मुजोर म्हणायचे, कधी कुरापतखोर. दोन्ही देशांची खरी नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की आपण बातमी वाचायच्या आधीच मत बनवून मोकळे होतो.

मी जयाला नकाशावर मित्रदेश दाखवला. ती म्हणाली, “एवढुसा?” आणि पुन्हा एकदा बोटाने मोजून खात्री करून घेतली.

त्याच आठवड्यात दोन पूल कोसळले. एक मित्रदेशात, एक त्या दुसऱ्या देशात. मित्रदेशाच्या पुलाची बातमी अकराव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली होती. दुसऱ्या पुलाची पहिल्या पानावर, लाल अक्षरांत. निकिताने दोन्ही शेवटपर्यंत वाचल्या. तिला ती सवय होती. मी लावलेली नाही, तिच्या आजोबांची आहे. ते भेळेचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचत.

“बाई,” ती म्हणाली, “इथं लिहिलंय पावसानं पूल पडला. इथं लिहिलंय सरकारनं खराब बांधला म्हनून पडला. पन पाऊस दोन्हीकडं चार दिवस होता. पूल दोन्हीकडं चाळीस वर्षांचे. अन् तक्रार तर मित्रदेशात पन केली होती लोकांनी, ती पार शेवटच्या ओळीत टाकलीय.”

“मग?”

“मग काय?”

“मला काय विचारतेस? पेपर तुझ्या हातात आहे.”

तिने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाली, “नावं झाकून लिहू?”

मला सुचलं नसतं असं काही मुलं बोलतात तेव्हा मी चष्मा पुसते. चष्मा पुसून मी म्हटलं, “लिही.”

तिने फळ्यावर दोन बातम्या जशाच्या तशा उतरवल्या, फक्त देशाच्या जागी आडवी रेघ मारली.

वरती: “______ देशात अतिवृष्टीमुळे पूल कोसळला. अकरा जणांचा दुर्दैवी अंत. मदतकार्य वेगात.”

खाली: “______ देशात भ्रष्टाचाराचा पूल नदीत. बारा बळी. निकृष्ट कामाचा पर्दाफाश. सत्ताधाऱ्यांचे धाबे दणाणले.”

आणि सर्वांत खाली, परीक्षेत असतं तसं: “गाळलेल्या जागा भरा.”

एसटीला उशीर झाला होता. पंधरावीस माणसं फळ्यासमोर जमली, आणि एकाचंही उत्तर चुकलं नाही. शिर्डीला फुलं घेऊन निघालेल्या गोरक्षने तर पिशवी खाली न ठेवता सांगितलं, “वरला मित्रदेश, खालचा दुसरा. किती मार्क?”

“कसं ओळखलं, गोरक्षदादा?” निकिताने विचारलं.

“आता ते काय सांगायचं. कळतंय की.”

“पन कशावरून?”

गोरक्ष डोकं खाजवू लागला. तेवढ्यात मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत बसलेली रतनबाई म्हणाली, “मला वाचाय येत न्हाई. मोठ्यांदा म्हन की गं.”

निकिताने दोन्ही बातम्या मोठ्याने वाचल्या. रतनबाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“वरला सोयऱ्याचा पूल हाय,” ती म्हणाली. “खालचा भावकीचा.”

“म्हंजे?”

“अगं, सोयऱ्याच्या घरी जेवाय गेलं आन् आमटी खारट लागली, तर आपन काय म्हनतो? औंदा बाजारात मीठच लई खारं आलंय. आन् तीच आमटी भावकीत खारट निघाली, तर म्हनतो, त्यांच्या हाताला चव हुतीच कवा? आमटी तीच गं. ताट कुनाचं ते बगायचं.”

माणसं हसली. पण मला ते ऐकून वाटलं की चौतीस वर्षं मी वर्गात जे शिकवत होते ते या बाईने मेथीच्या टोपलीमागे बसून दोन वाक्यांत उरकलं. सोयरा म्हणजे ज्याच्याकडे आपली मुलगी दिली, त्याला दुखवता येत नाही. भावकी म्हणजे ज्याच्याशी बांधाला बांध लागलेला, त्याचं कौतुक करता येत नाही. गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

श्रीमंतला मात्र ते पटलं नाही. तो मुलीला डबा द्यायला आला होता. “बाई, पन सोयऱ्याचं सांभाळावंच लागतं. आपलं सरकार त्यांच्याकडनं काय काय घेतं. उगा त्यांचे पूल काढीत बसलो तर तुटंल की सोयरीक.”

“सांभाळावं ना,” मी म्हटलं. “पण सोयरीक कुणाची आहे? सरकारची. पेपरची नाही.”

“पेपराचं तर लगीनच झालेलं न्हाई,” रतनबाई म्हणाली.

“झालं नसंल,” गोरक्ष म्हणाला, “पन वऱ्हाडात जेवतोय की.”

एवढ्यात गाडी आली आणि चर्चा त्या गाडीत बसून शिर्डीला गेली.

पुढचे दहाबारा दिवस मुलांना दुसरा उद्योग उरला नाही. पेपर उघडला की बातमी सोयऱ्याची की भावकीची, एवढंच बघायचं. मित्रदेश मॅच हरला की “झुंजार लढत अपुरी”, दुसरा देश हरला की “सपशेल लोटांगण”. मित्रदेशात लोक रस्त्यावर उतरले की “काही ठिकाणी निदर्शने”, दुसऱ्या देशात उतरले की “जनतेच्या संतापाचा उद्रेक”. त्यांच्यातल्या ओमने मोबाईलवरच्या बातम्याही आणल्या. तिथे तर मागे ढोलताशाच वाजत होता.

जया लहान, तिला देश आणि मॅच यांच्यात फार गोडी नव्हती. ती एक दिवस तक्रार घेऊन आली.

“बाई, आमच्या घरी पन सोयरा हाय. दादा.”

“तो कसा काय?”

“दादाच्या हातनं कप पडला तर आई म्हनती, कप फुटला. माझ्या हातनं पडला तर म्हनती, जयानं कप फोडला.”

मी तिला जवळ घेतलं आणि वाचनालयात जमलेल्या मुलांचा त्या दिवशी सगळा तास तिच्या कपावर घेतला. फुटला आणि फोडला. तुटलं आणि तोडलं. सांडलं आणि सांडवलं. आपल्या भाषेत एखादी गोष्ट आपोआप झाली असंही सांगता येतं आणि कुणीतरी केली असंही. दोन्ही वाक्यं बरोबर असतात, व्याकरणात मार्क कापता येत नाहीत. फक्त पहिल्या वाक्यात करणारा पडद्याआड जातो. मित्रदेशात पूल कोसळतो, दुसऱ्या देशात पूल पाडलेला असतो. मुलं घरी गेली आणि आपापल्या आयांची वाक्यं तपासू लागली. दोन आया मला रस्त्यात भेटून म्हणाल्या, बाई, तुमी पोरांना हे काय शिकवून ठिवलं.

मग काकासाहेब आले.

काकासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष. शंभर गायींचा गोठा, दूध संकलन केंद्र, पांढराशुभ्र पोशाख. मी नोकरीला लागले त्या वर्षी ते चौथीत होते, माझ्याच वर्गात. अजूनही मी आले की खुर्चीतून उठतात. चारचौघांत मी त्यांना अहो-जाहो करते, एरवी अरे-तुरे. त्या दुपारी वाचनालयात मी, निकिता आणि जया एवढ्याच होतो.

“बाई, एक आनंदाची बातमी हाय,” ते म्हणाले. “मित्रदेशाचे पाहुणे येणार. दूधवाले. नगरहून येतायत, तीन मानसं, गुरुवारी. जिल्ह्यातले चार गोठे बघणार, त्यात आपला. गोठा झाला की चहा इथं, वाचनालयात.”

“छान झालं की.”

“तर फळ्यावर चांगलं मोठं स्वागत पाहिजे. रंगीत खडूनं. अन् त्यांच्या देशाच्या दोन चांगल्या बातम्या.” ते थांबले. मग निकिताकडे न बघता म्हणाले, “ते पूलबिल नको. बारा दिवस झाले, गाव नुसतं सोयरा-भावकी करतंय. पाहुन्यांच्या कानावर गेलं म्हंजे?”

निकिता म्हणाली, “पाहुण्यांना मराठी येतं?”

“दुभाषी हाय ना त्यांच्यासंगं.” आता ते तिच्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. काकासाहेबांचा आवाज चढत नाही, जड होतो. “हे बघ पोरी, फळा वाचनालयाचा हाय. तुला जमत नसंल तर सांग. आमची मोनिका तयार हाय. खडू तिच्याकडं देऊ.”

मोनिका ही त्यांची नात. गोड मुलगी. तिचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालली तर दिसेल तसं.

काकासाहेब गेल्यावर निकिताने कंपासपेटी उघडली, खडू पाहिला आणि पेटी बंद केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती ते ओघळू देत नव्हती.

“बाई, तुमी सांगा. काय करू?”

“खडू कुणाकडे आहे?”

“माझ्याकडं. गुरुवारपर्यंत.”

“मग गुरुवारपर्यंत तूच ठरव. स्वागत लिहिणं चूक आहे का?”

“न्हाई. पाहुणे आले तर लिहायलाच पायजे.”

“आणि पूल?”

जया मध्येच म्हणाली, “पूल कोसळला लिही. म्हंजे कुनीच फोडला न्हाई.”

“पन तक्रार केली होती ना लोकांनी,” निकिता म्हणाली. “मग कोसळला म्हणून कसं चालंल? अन् पाडला तरी कसं म्हणू? आपल्याला तर ठाऊकच न्हाई.”

“असं समज,” मी म्हटलं, “की तो पूल सोयऱ्याचा आहे की भावकीचा, हे तुला कुणी सांगितलेलंच नाही. मग काय काय लिहिशील आणि काय काय विचारशील?”

तिने वहीत लिहायला घेतलं. पाच वेळा खोडलं. मी मध्ये बोलले नाही. आडून बोलायची इच्छा फार होते अशा वेळी, पण शिक्षकाने ती आवरायची असते. शेवटी तिने पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, “बाई, आता त्या पुलापलीकडच्या पोरी शाळेत कशा जात असतील? पेपरात कुठंच न्हाई लिहिलं.”

“मग तेही लिही.”

“माहीत न्हाई, हे लिहू?”

“माहीत नाही ही सुद्धा माहितीच आहे.”

गुरुवारी सकाळी फळा पाहून गाडी थांबायच्या आधीच लोक थांबले. वर रंगीत खडूने वेलबुट्टी, मध्ये “पाहुण्यांचे मनःपूर्वक स्वागत”. त्याखाली मित्रदेशाची एक गाय किती दूध देते त्याची बातमी. ती खरोखर चांगली होती. आणि त्याखाली पांढऱ्या खडूने:

“पाहुण्यांच्या देशात दोन आठवड्यांपूर्वी पूल पडला. अकरा माणसे गेली. चार दिवस पाऊस होता. पूल दुरुस्त करा अशी तक्रार लोकांनी आधी केली होती. पूल कशामुळे पडला ते अजून सांगितलेले नाही. लोक आता पलीकडे कसे जातात, हे बातमीत दिलेले नाही.”

काकासाहेबांनी फळा पाहिला तेव्हा पाहुण्यांची गाडी नगर सोडून इकडच्या रस्त्याला लागल्याचा फोन आला होता आणि ते स्वतः गोठ्याकडे धावत होते. त्यांनी निकिताकडे एकदा पाहिलं. “आल्यावर बोलतो,” एवढंच म्हणाले.

आम्ही सगळे गोठ्यावर गेलो. दोन पुरुष पाहुणे, त्यातला एक ताडमाड उंच. एक साठीच्या बाई, पायात गुडघ्यापर्यंत बूट. आणि दुभाषी म्हणून पुण्याहून आलेली निवेदिता. काकासाहेबांचा मुलगा अमृत याने पाहुणे येणार म्हणून फरशी पहाटेपासून तीन वेळा धुतली होती. एरवी त्या गोठ्यात कुणी घसरत नाही. त्या दिवशी उंच पाहुणे एका गायीच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि त्यांचा पाय सटकला. काकासाहेब त्यांना धरायला धावले. त्यांचाही सटकला. दोघं शेजारी शेजारी बसले, आणि ती गाय दोघांकडे वळून बघत रवंथ करत राहिली.

कुणाला लागलं नाही. पाहुण्या बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसता हसता त्या काहीतरी बरंच लांबलचक बोलल्या. निवेदिता म्हणाली, “त्यांना गोठा खूप आवडला.”

“एवढं बोलल्या अन् एवढंच?” जया म्हणाली.

निवेदिता जराशी लाजली. पण तिचा नाइलाज असावा. दहा दिवस तेच काम करून तिला सवय झाली होती.

चहाला सगळे वाचनालयापाशी आले. काकासाहेबांच्या पांढऱ्या लेंग्यावर मागे एक हिरवा नकाशा उमटला होता, तो त्यांना ठाऊक नव्हता. पाहुण्या बाई कप हातात घेऊन फळ्यासमोर थांबल्या. वेलबुट्टीकडे पाहिलं, आणि खालच्या पांढऱ्या ओळींवर बोट ठेवून निवेदिताला काहीतरी विचारलं.

काकासाहेब पुढे सरले. “सांगा त्यांना, स्वागत लिहिलंय. दोन्ही देशांची मैत्री, असं.”

निवेदिताने तोंड उघडलं. निकिता तिच्या शेजारीच उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, “ताई, जे लिहिलंय तेच सांगा ना. मी लई वेळा खोडून लिहिलंय.”

निवेदिताने एकदा काकासाहेबांकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली नाही. तो निर्णय तिचा होता. मग ती एकेक ओळ वाचून पाहुण्या बाईंना सांगू लागली. त्यांचा चेहरा हसरा होता तो हळूहळू शांत झाला. काकासाहेब कपातल्या चहाकडे बघत राहिले. निकिताने कंपासपेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

सांगून झालं. पाहुण्या बाईंनी कप खाली ठेवला. मग बोलू लागल्या, आणि या वेळी निवेदिताने वाक्याला वाक्य लावलं.

“त्या म्हणतायत, हा पूल त्यांना माहीत आहे. त्यांची बहीण नदीच्या पलीकडे राहते. त्या म्हणतायत, दहा दिवस त्या आपल्याकडे फिरतायत. सगळ्यांनी त्यांना गायींबद्दल विचारलं, हवामानाबद्दल विचारलं. पुलाबद्दल कुणीच विचारलं नाही. त्यांना वाटलं, इथे कुणाला ठाऊकच नसेल.”

मग बाईंनी शेवटच्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

“त्या म्हणतायत, लोक आता दोन वाटांनी जातात. मोठ्या माणसांना बसने बत्तीस किलोमीटरचा वळसा आहे. मुलं नावेने. नाव सकाळी एकदाच सुटते, म्हणून बहिणीची नात साडेपाचला उठते. आणि त्या म्हणतायत…” निवेदिताला हसू आलं. “त्यांच्याकडच्या पेपरमध्ये आपल्याबद्दल सगळं चांगलंच येतं. नगरच्या अलीकडे रस्त्यावरचे खड्डे पाहून त्यांना धक्का बसला. कुणी आधी सांगितलंच नव्हतं.”

“म्हंजे आपन पन त्यांचे सोयरे हाय,” रतनबाई म्हणाली. “सांग गं त्यांना.”

निवेदिताने ते कसं सांगितलं कोण जाणे, खारट आमटीसकट सांगितलं असावं, कारण बाई पुन्हा भिंत शोधू लागल्या.

निकिताने तोवर पेटी उघडली होती. शेवटची ओळ पुसून तिने लिहिलं: “मोठी माणसे आता बसने वळसा घालून जातात. मुलांची नाव सकाळी एकदाच सुटते. (ही माहिती पाहुण्यांनी दिली.)” बाईंनी त्या फळ्याचा फोटो काढला, आणि मग निकिताला फळ्याशेजारी उभं करून आणखी एक.

गाडी गेली. काकासाहेब खुर्चीवर बसले आणि त्याच क्षणी उठले. लेंगा ओला होता. आम्ही सगळे त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होतो.

“बाई, चौथीत तुमी मला एकदा बाकावर उभं केलं हुतं,” ते म्हणाले. “आठवतंय?”

“नाही बुवा. कशासाठी?”

“मी नकाशा न बघता उत्तर दिलं हुतं म्हनून.” त्यांनी निकिताकडे पाहिलं. “राहू दे खडू तुझ्याकडंच. मोनिकाच्या अक्षराला आमी घरातच वैतागलोय.”

जाताना निकिता चालत गेली नाही, उड्या मारत गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, फोटोसकट: “काकासाहेबांच्या आधुनिक गोठ्याने मित्रदेशाचे पाहुणे भारावले.” पूल नाही, फळा नाही, आणि घसरणं तर नाहीच. निकिताने बातमी शेवटपर्यंत वाचली आणि बाजूला ठेवली. “हे आपण बघितलंय ना, मग पेपरातून कशाला उतरवायचं,” असं म्हणून ती स्वतःच्या मनाने लिहू लागली. मी मागे उभी राहून वाचत होते.

“काल मित्रदेशाचे तीन पाहुणे गावात आले.” तिने ‘मित्रदेशाचे’ पुसलं आणि देशाचं नाव लिहिलं. “त्यांनी शंभर गायींचा गोठा पाहिला. फरशी धुतलेली असल्यामुळे एक पाहुणे घसरले. त्यांना लागले नाही. नंतर त्यांनी वाचनालयात चहा घेतला.”

“एकच घसरले?” मी विचारलं.

निकिता फळ्याकडेच बघत राहिली. कान लाल झाले. “बाई, त्यांनी खडू राहू दिला.”

“ते खरं आहे.”

“मग त्यांचं कसं लिहू? वाईट न्हाई का दिसणार?”

मी काही म्हणायच्या आत मागून चपलांचा आवाज आला. काकासाहेब संकलन केंद्राकडे निघाले होते, धुतलेला पोशाख, हातात किल्ल्या. ते फळ्यासमोर थांबले आणि वाचू लागले. आम्ही दोघी बाजूला झालो. त्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं, ओठ हलवत, चौथीत वाचायचे तसंच. मग निकितापुढे हात पसरला.

“खडू दे.”

निकिताने माझ्याकडे पाहिलं. मग तिने खडू त्यांच्या तळहातावर ठेवला.

काकासाहेबांनी डाव्या हाताने धोतराच्या टोकासारखा शर्टाचा सोगा धरला, ‘एक’ हा शब्द त्या टोकाने पुसला, आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत तिथे ‘दोघे’ लिहिलं. ‘पाहुणे’ शब्दापाशी अडले, थोडा विचार केला, आणि त्यापुढे जागा नव्हती म्हणून वरती बारीक अक्षरांत घातलं: “(एक पाहुणे, एक काकासाहेब)”.

मग त्यांनी खडू निकिताला परत दिला आणि मला म्हणाले, “ऱ्हस्वदीर्घ बघून घ्या, बाई,” आणि दुधाच्या गाडीकडे निघून गेले.